बाकावरची चौथी रॅकेट

"ताई, सरांच्याकडं जरा ध्यान ठेवा बघा," हौसाक्का म्हणाली. हातातला झाडू तिनं हॉलच्या दाराला टेकवला. "परवा भिंतीला धरून हुबे हुते. काय हुतंय म्हणून इचारलं, तर म्हणाले, फूटवर्क करतोय."

मी हसले. "भिंतीला शिकवत असतील, अक्का. न पळता ऐकून घेणारं दुसरं कोण आहे त्यांना?"

"हसण्यावारी नेऊ नका. मी साडेसहाला पलीकडच्या दवाखान्याचं झाडाय जाते, ती सव्वासातला येते. तेवढा येळ कोण बघतंय हितं? तुमची नजर बारीक हाय म्हणून तुम्हास्नी सांगतेय. पोरीच्या पायावरचा डास तुम्हाला बागेच्या दुसऱ्या टोकावरनं दिसतोय."

"रॅकेट असते ना त्यांची बाकावर. रॅकेट आहे म्हणजे माणूस आहे."

"रॅकेटी काय मोजताय, माणसं मोजा की," ती म्हणाली आणि झाडू उचलून निघून गेली.

मी बुटाची नाडी सोडून परत बांधली. दुसऱ्या दिवशी माझी मॅच होती. त्या दिवशी मला माझ्या नाडीपलीकडचं काही दिसत नव्हतं.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा सांगलीत राहत होतो. कॉलनीचा पत्र्याचा हॉल होता आणि त्यात एकच कोर्ट. खेळायला माणसं वीस-बावीस, त्यामुळे नंबर लावायची एक पद्धत पडली होती. आल्या आल्या भिंतीलगतच्या लांब बाकावर आपली रॅकेट ठेवायची. रॅकेटींची जी रांग, तीच माणसांची रांग. एकदा रॅकेट ठेवली की तुम्ही चहाला जा, फोनवर बोला, घरी जाऊन पाणी तापवून या, तुमचा नंबर शाबूत. आमचे सेक्रेटरी बिरनाळे या पद्धतीचा इतका अभिमान बाळगायचे, जणू लोकशाही त्यांनीच त्या बाकावर जन्माला घातली होती.

सकाळी सहा ते साडेसात हा 'पक्का गट'. त्यात जागा सोळाच. बाकीच्यांनी दुपारी दोनला यायचं. एप्रिलमध्ये दुपारी दोनला त्या पत्र्याखाली पापड आपोआप भाजले असते. माझी मुलगी मुक्ता तेव्हा अडीच वर्षांची होती. ती साडेसातला उठायची, आणि नवरा आठला कुपवाडच्या कारखान्यात जायचा. म्हणजे दिवसभरात माझा म्हणावा असा सकाळचा एक तास. त्या तासात मी कुणाचं नाक पुसत नव्हते, कुणाच्या तोंडातून खडू काढत नव्हते. एम.एस्सी. झालेली बाई दिवसभर गॅसचं बटण बंद आहे की नाही याचा अभ्यास करत असे. त्यातून सुटायचा तो एक तास.

आणि नेमकी त्या एप्रिलमध्ये गटात एक माणूस जास्त झाला. बिरनाळ्यांनी फतवा काढला, की शेवटी आलेल्या दोघींनी आपसात एक गेम खेळायचा. हरेल ती दुपारी. शेवटी आलेल्या दोघी म्हणजे मी आणि सोनल शहा. सोनलकडे तीन रॅकेटी होत्या, एकेकीचं वेगळं कव्हर होतं आणि टीशर्टच्या रंगाचा पट्टा ती कपाळाला बांधायची. तिच्या घरी दोन बायका कामाला. ती दुपारी दोनलाच काय, रात्री दोनलाही येऊ शकली असती. पण तिला सकाळच हवी होती, कारण सकाळी फोटो चांगले येतात.

आता सरांबद्दल. धामणकर सर. हे कुठल्या शाळेत सर नव्हते. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे, तिथून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हॉलवर येऊन स्वतःच सर झाले. वय अडुसष्ट, बायको वारलेली, मुलगी हुबळीला दिलेली. खेळायचे दिवसाला फार तर एक गेम, आणि तोही नेटजवळ उभं राहून. बाकीचा वेळ बाकावरून सल्ला. आडनावानंच हाक मारायचे, कवायत घेतल्यासारखी.

"माने, मनगट!"

मी फटका मारायच्या आधी मनगट, मारल्यावर मनगट, फटका चुकला तर मनगट नव्हतं म्हणून आणि लागला तर "हे दंडानं मारलंत, मनगटानं आणखी लागलं असतं."

तुम्हाला बॅडमिंटन सुधारायचं असेल, तर पहिला धडा माझ्याकडून फुकट घ्या. बाकाकडे पाठ करून खेळा. बाकावर बसलेला प्रत्येक माणूस जागतिक विजेत्याला घडवायचं राहून गेल्याच्या दुःखात असतो. एक म्हणेल रॅकेट घट्ट धरा, दुसरा म्हणेल सैल धरा. एक म्हणेल फुलाकडे, म्हणजे शटलकडे बघा, दुसरा म्हणेल समोरच्याच्या पायाकडे. दोघांचंही ऐकलंत तर फूल तुमच्या डोक्यात पडतं, आणि ते पडलं की दोघंही एका सुरात म्हणतात, "सांगितलं होतं!" धामणकर सर तर एकटेच दोन्ही बाजू सांभाळायचे.

"घट्ट नाही हो माने, घट्ट नाही! अहो, सैल म्हणजे इतकी सैलही नाही!"

"मग कशी धरू, सर? एकदाच काय ते सांगा."

"मुलीला घेऊन रस्ता ओलांडता ना? तेव्हा तिचा हात कसा धरता? तशी."

"सर, मी तिचा हात असा धरते, की पलीकडे गेल्यावर तिच्या मनगटावर माझी चार बोटं उमटलेली असतात."

"हां," सर म्हणाले. "मग तिथंच चुकतंय तुमचं."

मला त्या दिवशी इतका राग आला होता, की घरी येऊन मी दोन चपात्या जाळल्या. पोर कसं धरायचं हे आता मला नकाशेवाला शिकवणार!

त्यांचा दुसरा छंद म्हणजे फुलं वाफवणं. पिसांची फुलं महाग आणि उन्हाळ्यात ती कडक होऊन पटापट मोडतात, म्हणून सर रोज कोर्टामागच्या नेट ठेवायच्या खोलीत जायचे. तिथं त्यांची एक विजेची किटली होती. इतकी जुनी, की आपोआप बंद होणं तिला माहीत नव्हतं. किटलीच्या तोंडावर एकेक फूल उलटं धरून सर त्याला वाफ द्यायचे. कुणी खोलीत डोकावलं की, "दार लावा, वाफ जाते!" आम्ही त्यावर पुष्कळ हसायचो. सरांचं बाळंतिणींना शेक द्यायचं दुकान उघडलं, असं सोनल म्हणायची. मी तिच्या कुठल्याच गोष्टीला हसत नसे, पण याला हसले होते.

मॅचच्या दिवशी मी पावणेसहालाच पोचले. गॅसचं बटण नेहमीप्रमाणे तीनदा बघितलं होतं आणि एकदा जिन्यावरून परत जाऊन. बाकावर माझ्या आधी तीन रॅकेटी होत्या. मी चौथी ठेवायला गेले, तर मागून आवाज आला.

"माने, ती जागा माझी. तुम्ही पाचव्या."

सरांनी त्यांची रॅकेट चौथी ठेवली. मुठीला जुन्या पिवळ्या टॉवेलची पट्टी गुंडाळलेली. त्या रॅकेटीकडे बघूनसुद्धा कुणीतरी आपल्याला ओरडतंय असं वाटायचं.

"आज टेन्शन घेऊ नका," सर म्हणाले. "शहाबाई मागून जोरात मारतात, पण पुढे यायला त्यांना उशीर होतो. नेटजवळ हळूच टाका. हळूच. मनगटानं."

"सर, प्लीज. आज खेळताना काही बोलू नका. आज एक दिवस. मला डोकं शांत हवंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. चेहरा जरा ओढलेला वाटला. बघणारी होते ना मी, तेवढं दिसलंच. पण उन्हाळ्यात सगळ्यांचेच चेहरे ओढलेले असतात.

"बरं," सर म्हणाले. "नाही बोलत. नवीन फुलं तरी वाफवून आणतो. कोरडी फुलं तुमच्या हातात मोडतील, तुम्ही आवळून मारता." आणि ते मागच्या खोलीकडे गेले. साडेसहाला हौसाक्कानं त्यांना किटली भरून दिली आणि ती दवाखान्याकडे गेली. जाताना तिनं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी पण हलवली.

त्या दिवशी आधी मॅच आणि मग नंबर असं ठरलं होतं, म्हणून सगळे जमल्यावर पावणेसातला बिरनाळ्यांनी टाळी वाजवली. "चला, शहा आणि माने! एकवीसचा एक गेम. सर कुठायत? फुलं आणतो म्हणाले होते."

"रॅकेट आहे की बाकावर," कुणीतरी म्हणालं.

"मग इथंच असतील. कालचा डबा उघडा, सुरू करा."

मीही बाकाकडे बघितलं. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. पिवळी पट्टी. आहेत.

खरं सांगते, ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली मॅच होती. कारण एकच, बाक गप्प होतं. म्हणजे बाकीचे अधूनमधून ओरडत होते, पण मनगट नव्हतं. सरांनी शब्द पाळला, मला वाटलं. आठ-आठ झाले. कोरडी फुलं खरंच मोडत होती, दर चार-पाच रॅलींनंतर एकाची पिसं गळायची. मनात म्हटलं, बघा, हा माणूस फुलंही वेळेवर आणत नाही, आणि वर्षभर आम्हाला टायमिंग शिकवतो.

मी नेटजवळ हळूच टाकायला लागले. सोनल मागून धावत यायची आणि फूल तिच्यासमोर टपकन पडायचं. सल्ला कुणाचा होता हे त्या वेळी मला आठवलं नाही. मला वाटलं, माझीच अक्कल.

सतरा-सतरावर वास आला.

करपल्याचा. रबर, प्लास्टिक, असं काहीतरी. माझ्या नाकाबद्दल आमच्या घरी विनोद चालतात. तिसऱ्या मजल्यावर कुणाचं दूध उतू गेलं तर मला पहिल्या मजल्यावर कळतं. मी सर्व्हिस करायला फूल हातात धरलं होतं, आणि तो वास कोर्टाच्या मागच्या बाजूनं येतोय हेही मला कळलं होतं.

घरी असते तर हातातलं टाकून धावले असते. पण अठरावा पॉइंट माझा होता. थांबले असते तर लय गेली असती. सोनल पाणी प्यायली असती, घाम पुसला असता, पुन्हा उभी राहिली असती. मनात म्हटलं, बाहेर चहाच्या गाड्यावर काहीतरी जळलं असेल. आणि मी सर्व्हिस केली.

अठरा-सतरा. अठरा-अठरा. एकोणीस. वास वाढला. बाकावरचं कुणीतरी म्हणालं, "कसला वास येतोय रे?" दुसरा म्हणाला, "पॉइंट बघ पॉइंट." वीस. एकवीस.

मी जिंकले. रॅकेट वर केली आणि सवयीनं बाकाकडे वळले. म्हटलं, आता तरी बोला की, सर. म्हणा, दंडानं जिंकलात.

बाकावर आता बऱ्याच रॅकेटी होत्या. चौथी तशीच. तिच्यामागे कुणी बसलेलं नव्हतं.

तेवढ्यात मागून हौसाक्काची किंकाळी आली.

सर नेटच्या गुंडाळीवर आडवे पडले होते. उजवा हात अंगाखाली. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे उघडे. किटली कोरडी होऊन तिचं बूड काळं झालं होतं, आणि सरांच्या आजूबाजूला सात-आठ पांढरी फुलं पडली होती. वाफवलेली. मी एक उचललं, का उचललं कोण जाणे, पिसं मऊ होती.

पुढची दहा मिनिटं मी कधी विसरणार नाही, आणि सरांपेक्षा बाकीच्यांमुळे जास्त. कुणी कांदा आणा म्हणालं, कुणी चप्पल हुंगवा म्हणालं. सल्ल्याला तिथं कधीच तोटा नव्हता. सोनल म्हणाली, "फुलं वाफवलेली नव्हती, तर मॅच धरायची का?" आणि बिरनाळे, रुग्णवाहिकेला फोन लागत नाही म्हणून कानाला मोबाइल लावून उभे असलेले बिरनाळे, चक्क विचार करून म्हणाले, "गेम पूर्ण झाला होता ना? मग धरायला हरकत नाही."

हौसाक्कानं सरांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिनं वर बघितलं.

"ताई, तुम्हास्नी वास न्हाई आला?"

"नाही," मी म्हणाले.

माझ्या नाकाचे किस्से मी तिला बागेत कितीदा सांगितले होते.

मिरजेला नेलं. पक्षाघाताचा झटका होता. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "यांना शेवटचं नीट बोलता-चालताना कुणी, किती वाजता बघितलं? नेमकं सांगा, त्यावर उपचार ठरतात."

आम्ही पाच जण होतो. एक म्हणाला सात. एक म्हणाला सात वाजून पाच, आत्ता तर होते. बिरनाळे म्हणाले, "पावणेसातला नक्की होते, मी स्वतः..." आणि थांबले.

"स्वतः बघितलं?"

"रॅकेट बघितली," बिरनाळे म्हणाले.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "काय बघितलं?"

शेवटी हौसाक्कानं सांगितलं. साडेसहाला किटली भरून दिली, तेव्हा ते तिच्याशी बोलले होते. म्हणाले होते, आज मानेबाईंसाठी वाफेची पहिली धार चांगली पाहिजे. कागदावर तेच लिहिलं गेलं. सर वाचले. पण ती मधली मिनिटं किती आणि त्यांचं मोल काय, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सतरा-सतरा ते एकवीस-अठरा म्हणजे किती मिनिटं होतात, ते खेळणाऱ्याला माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी मी सहाला हॉलवर गेले. गेले, हो. जागा जिंकली होती ना. बाकावर पिवळ्या पट्टीची रॅकेट तशीच होती, आणि येणारा प्रत्येक जण आपली तिच्या पुढे-मागे ठेवत होता. मग बिरनाळे म्हणाले, "सरांची जरा बाजूला करा रे, नंबर अडतोय." त्याच आठवड्यात खोलीच्या दारावर कमिटीची सूचना लागली, "किटली वापरण्यास सक्त मनाई आहे." पुढाऱ्यांना गुन्हेगार सापडला होता.

बाराव्या दिवशी मी मिरजेच्या दवाखान्यात गेले. मुक्ताला घेऊन गेले, कारण एकटीनं जायची हिंमत नव्हती. हुबळीहून त्यांची मुलगी आली होती. ती म्हणाली, "बाबांना सगळं कळतं. पण बोलता येत नाही. एकच शब्द येतो."

कुठला, ते मी विचारलं नाही.

सर उशीला टेकून बसले होते. उजवा हात चादरीवर ठेवलेला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. मी काय बोलणार? म्हटलं, "सर, मी जिंकले. तुम्ही सांगितलं तसं नेटजवळ टाकलं." मग मी म्हणाले, "मला वास आला होता."

त्यांची मुलगी पाणी आणायला बाहेर गेली होती. ऐकलं ते फक्त सरांनी, आणि ज्यांना परत कुणाला सांगता येणार नाही त्यांनाच सांगायची हुशारी माझ्यात होती.

मुक्ता खाटेखाली वाकून बघत होती म्हणून मी तिचा हात धरला होता. सरांची नजर तिथं गेली. त्यांनी डावा हात उचलला, फार हळू, आणि माझ्या बोटांवर ठेवला. एक बोट सोडवलं. मग दुसरं. मुक्ताच्या मनगटावर लाल वळ होते. तिनं हात ओढला नाही, पळाली नाही, तशीच उभी राहिली, माझ्या सैल मुठीत.

"मनगट," सर म्हणाले.

त्यानंतर त्यांची मुलगी त्यांना हुबळीला घेऊन गेली. वर्षभरात आमचीही बदली पुण्याला झाली. इथं सोसायटीत तीन कोर्टं आहेत, नंबर मोबाइलवर लागतात, हिरवी खूण असली की माणूस हजर. मी बरी खेळते आता. लोक विचारतात, ताई, खेळ कसा सुधारला? मी सांगते, रॅकेट आवळू नका. एवढंच सांगते. उरलेलं आज पहिल्यांदाच लिहितेय.

तुमच्या हॉलमध्येही असेल एक. सगळ्यांना शिकवणारा, ज्याचा आवाज आला की तुम्ही डोळे फिरवता. आज सकाळी तो आवाज आला होता का? त्याची रॅकेट आहे, गाडी लावलेली आहे, नावापुढे खूण आहे, हे मला सांगू नका. तो कुठे आहे, ते जाऊन बघून या. स्कोअर काही का झाला असेना, आधी बघून या.